सोलापूर: गड्ड्याच्या आधीचे दिवस

शुक्रवार

पुण्याहून सोलापूरला जायला मला हुतात्मा एक्स्प्रेस सगळ्यात आवडते. संध्याकाळी सहाच्या सुमारास निघते, लोणी मागे पडेपर्यंत अंधार होतो, आणि कुर्डुवाडीला बरीच माणसं उतरून गेली की उरलेली एकमेकांशी बोलू लागतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांवरून गाडीला हे नाव मिळालं. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली तसं सोलापूर पेटलं, इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ पुकारला आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. माझ्या शेजारच्या कॉलेजच्या मुलानं चौघांची नावं एका दमात सांगितली. सोलापूरच्या मुलांना ती पाठ असतात.

आत्या बाळीवेशीजवळ राहते. रिक्षावाल्यानं दारात सोडलं तेव्हा साडेदहा वाजून गेले होते, तरी ती ओट्यावर बसून होती. ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि कांदा. तिनं विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "सोमवारपर्यंत." एवढंच बोलणं झालं आणि आम्ही झोपलो.

शनिवार

आत्याचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. अंघोळ, चहा, चालत सिद्धेश्वर मंदिर, येताना भाजी. अकराला भाकऱ्या. दुपारी वाचन. चारला गल्लीतली पाच-सहा मुलं पाट्या-वह्या घेऊन येतात, त्यांचा अभ्यास सहापर्यंत चालतो. रात्री नऊला दिवा बंद. मी शाळेत होते तेव्हापासून हा क्रम बघत आले आहे. आमच्या घरी सगळे म्हणायचे, बिचारीचं आयुष्य एका रेषेत गेलं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

मंदिर तलावाच्या मधोमध आहे. सकाळी सातला पाण्यावर धुकं होतं आणि काठावर भुईकोट किल्ल्याचे बुरूज तेवढे दिसत होते. संक्रांत आठवड्यावर आल्यामुळे गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची, तयारी जोरात होती. मैदानात पाळण्यांचे लोखंडी सांगाडे उभे राहत होते. गर्दी सुरू व्हायच्या आधीच्या या दिवसांत मंदिर शांतपणे बघता येतं, म्हणून कुणी विचारलं तर मी हाच आठवडा सुचवते.

सिद्धरामेश्वरांची गोष्ट आत्यानं मला लहानपणी सांगितली होती, पण तेव्हा त्यातला चमत्कारच लक्षात राहिला. आज समाधीपाशी बसून तिनं दुसरा भाग सांगितला. बाराव्या शतकातलं हे गाव, तेव्हाचं सोन्नलगी. सिद्धराम इथं लोकांना घेऊन तळं खोदत होते, मंदिरं बांधत होते, गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना करत होते. गाव त्यांच्या शब्दावर चाललेलं. शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, परंपरा सांगते की त्यांच्यातले अल्लमप्रभू इथं आले आणि माती उपसणाऱ्यांचा मुकादम म्हणून त्यांनी सिद्धरामांना हिणवलं. मजूर चिडले, दगड घेऊन धावले. पुढे वाद झाला, आणि त्या वादातून सिद्धराम सगळं मागे ठेवून अल्लमप्रभूंबरोबर बसवण्णांच्या कल्याणला, आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, गेले. तिथं ते शरणांमध्ये बसले आणि त्यांनी कन्नडमध्ये वचनं रचली. समाधी घ्यायला मात्र ते याच तळ्याकाठी परत आले.

"तळं खोदणं काय वाईट होतं?" मी विचारलं.

"वाईट कुठं? उलट इतकं चांगलं होतं की जन्मभर त्यांना कुणी अडवलं नसतं. म्हणूनच कुणीतरी येऊन विचारावं लागलं."

वाईट सवय मोडायला सगळे सांगतात. चांगल्या, सोयीच्या, चार माणसांनी वाखाणलेल्या क्रमाबद्दल कुणी विचारत नाही. माझ्या आयुष्याला तर सगळेच चांगलं म्हणतात. भाऊ कॉमर्सला गेला म्हणून मी कॉमर्सला गेले. बँकेची परीक्षा सगळ्या मैत्रिणी देत होत्या, मीही दिली. स्थळ आलं, बरं होतं. ऑफिसातल्या चौघींनी एकाच सोसायटीत फ्लॅट बुक केले, पाचवा आमचा. यातलं काही मला नकोसं नव्हतं, आजही नाही. पण यातलं एकही मी दोन गोष्टी समोर ठेवून, त्यातली एक उचलून घेतलेलं नाही. आता बँकेत प्रमोशनचे अर्ज निघाले आहेत. ते घेतलं तर दोन-तीन वर्षं बाहेरच्या राज्यात बदली, पगारात वाढ, आणि पुढच्या प्रमोशनची वाट मोकळी. घरात, शाखेत, सासरी सगळ्यांनी मी अर्ज भरणार असं धरूनच ठेवलं आहे. भरायची मुदत मंगळवारपर्यंत.

हे मी आत्याला तिथं सांगितलं नाही. आम्ही उठून भैय्या चौकाकडे गेलो.

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, आता त्याचं स्मारक झालं आहे. सोलापुरात आलात तर चादरीच्या दुकानाआधी इथं या. 10 ऑक्टोबर 1910 ला सोलापुरात जन्मलेला हा मुलगा मुंबईत डॉक्टर झाला. त्याच्यासमोर सरळ रस्ता होता: पुढचं शिक्षण, दवाखाना, सोलापुरात नाव. 1938 मध्ये जपानच्या आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात सत्तावीस वर्षांचे कोटणीस होते. भिंतीवरच्या फोटोंमध्ये जाड कोट घातलेला, बारीक चेहऱ्याचा, हसरा तरुण दिसतो. मागे डोंगर आणि चिखल.

आपण सगळे त्यांच्या जाण्याची गोष्ट सांगतो. मला फोटोंसमोर उभं राहिल्यावर त्यांचं न परतणं जास्त मोठं वाटलं. जाताना सगळा देश पाठीशी होता. ठरलेलं काम झाल्यावर पथकातले सहकारी एकेक करून परतत होते, तेव्हा त्यांनीही सामान बांधलं असतं तरी कुणी बोट ठेवलं नसतं. सोलापुरात सत्कारच झाला असता. ते राहिले. 1941 मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. नॉर्मन बेथून हे कॅनडाचे सर्जन, याच आघाडीवर 1939 मध्ये रक्तात जंतुसंसर्ग होऊन गेले होते; त्यांच्या नावाचं ते रुग्णालय. कोटणीसांनी चिनी भाषा शिकली, तिथल्याच गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, त्यांना मुलगा झाला. 9 डिसेंबर 1942 ला, फेफऱ्याच्या झटक्यांनी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले.

राहायचं ठरवलं तेव्हा ना हार होते, ना सभा. ती निवड त्यांनी एकट्यानं केली असणार, रोजच्या शस्त्रक्रियांच्या रांगेत, थंडीत. मी त्या फोटोंसमोरून लवकर हलले नाही. आत्या बाहेर बाकावर बसून राहिली, तिनं घाई केली नाही.

संध्याकाळी नंदीध्वजांचा सराव बघायला गेलो. गड्ड्यात सात नंदीध्वज निघतात. उंच काठी, तिचं सगळं वजन कमरेच्या पट्ट्यावर पेलायचं, आणि दोन हातांनी तोल सांभाळत गर्दीतून कोस-दोन कोस चालायचं. यात्रेत बाराबंदी घालतात. सरावाला पोरं टी-शर्टवर होती. पाळीपाळीनं एकेक जण काठी घेई, बाकीचे चारही बाजूंनी हात पुढे करून उभे. एका मुलाच्या काठीचा कल डावीकडे गेला, त्यासरशी एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "पाय बघू नको बे, वर बघ!"

त्यांच्याशी नंतर बोलले. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या नंदीध्वज उचलतात. मी विचारलं, मुलांना नको असेल तर? ते म्हणाले, "थोरल्याला नको होतं. नाही म्हणाला. आम्ही काही बोललो नाही. धाकटा आपण होऊन आला. जबरदस्तीनं उचलणाऱ्याच्या हातात काठी राहत नाही, पडतीच." नऊशे वर्षांची म्हणतात ती ही रीत, सगळं ठरलेलं, मार्ग, मान, दिवस, मंत्र. आणि तरी दर साली कुणीतरी स्वतः पुढं येऊन कमरेला पट्टा बांधतो तेव्हाच ती चालते.

रविवार

हत्तरसंग कुडल. सोलापूरपासून सुमारे 40 किलोमीटर, विजापूर रस्त्यानं निघून पुढे आत वळायचं. शेजाऱ्यांच्या मुलाची जीप मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, कणसं नुकती दुधात आलेली. एका शेतात हुरडा भाजत होते. आत्याची एक जुनी विद्यार्थिनी तिथं निघाली, त्यामुळे आम्हाला बसवून घेतलं. आरात भाजलेली कणसं तळहातावर चोळून काढलेला गरम हुरडा, सोबत लसणाची चटणी आणि गूळ. तासभर गेला, आणि तो गेल्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

कुडलला सीना भीमेला मिळते. संगमावर दोन जुनी देवळं आहेत. हरिहरेश्वरात 359 मुखं कोरलेलं शिवलिंग आहे, त्याच्याभोवती फिरताना प्रत्येक चेहरा वेगळा आहे का ते बघण्यात माणूस गुंतून जातो. पण मी आले होते ती संगमेश्वराच्या मंडपातल्या तुळईसाठी. त्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा लेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी हा एक. शेवटी लिहिलं आहे, "वाछितो विजेया होईवा": वाचील तो विजयी होईल.

हा लेख उजेडात आणला सोलापूरच्या आनंद कुंभारांनी. जिल्ह्यातल्या गावागावांत जाऊन देवळांच्या भिंती, वीरगळ (वीरांच्या स्मरणार्थ कोरलेल्या शिळा), शेतातले दगड बघत, ठसे घेत त्यांनी आयुष्य घालवलं. हजार वर्षं भाविक त्या तुळईखालून गेले, घंटा वाजवली, नमस्कार केला. एक माणूस थांबून वर बघत राहिला.

मी पण मान वर करून अक्षरं लावत राहिले. काही ओळखू येत होती, काही निसटत होती. लहानपणी बाबांच्या कपाटात मोडीतली जुनी कागदपत्रं होती, आमच्या पणजोबांची. मी ती तासन् तास घेऊन बसायची, वाचता येत नसताना. एकदा बाबांना म्हटलं होतं की मला हे शिकायचंय. दहावीचं वर्ष होतं. ते म्हणाले, आधी दहावी. मग बारावी आली, मग बाकीचं सगळं.

परतताना जीपमध्ये मी आत्याला अर्जाचं सांगितलं. आणि म्हटलं, "मी नाही भरणार. ठरलंय माझं."

मला वाटलं ती शाबास म्हणेल. ती म्हणाली, "बरं. मग त्याच्या जागी काय?"

"त्याच्या जागी काही नाही. आहे ते."

"अगं, नाही म्हणणं म्हणजे अर्धंच काम झालं. नुसतं नाही म्हणून घरी बसलीस तर सहा महिन्यांत तुलाच वाटेल, भरला असता तर बरं झालं असतं. मी सांगते तुला. मी इथं शाळेत शिकवायला आले ना, 1974 मध्ये, तेव्हा घरी सगळ्यांना वाटलं दोन वर्षांनी बदली करून येईल. आपलं एक स्थळ पण थांबलं होतं. मी नाही कळवलं. तो नकार फार सोपा होता, रागात दिला होता. राग किती दिवस पुरतो? मग मला ठरवावं लागलं की इथं नक्की काय करायचंय. वस्तीतल्या पोरी चौथीनंतर शाळा सोडायच्या. म्हटलं, सातवीपर्यंत न्यायच्या. एवढं एकच धरलं."

"आणि रिटायर झाल्यावर? बाबांनी तर खोली रंगवून ठेवली होती."

"तेव्हा परत ठरवलं. पहिल्यापेक्षा ते अवघड गेलं. दादा वाईट वाटून घेईल हे ठाऊक होतं. पण माझी सकाळ मी इथं जोडली आहे, एकेक करून. ती सोडून कुणाच्या घरी पाहुणी म्हणून का राहू?"

तिच्या त्या पाच वाजल्यापासूनच्या क्रमाकडे मी इतकी वर्षं बघत होते, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट तिनं निवडून ठेवलेली होती. बाहेरून बघणाऱ्याला एकाच रेषेत चाललेली दोन आयुष्यं सारखी दिसतात, तिचं आणि माझं. आत काय फरक आहे ते जीपमध्ये बसून मला लख्ख कळलं.

रात्री नवऱ्याशी फोनवर बराच वेळ बोलले. तो रागावला नाही, पण त्यानं आकडे मांडले: वाढलेला पगार धरून आम्ही गृहकर्ज लवकर फेडायचं योजलं होतं, ते आता लांबेल. पेन्शनवरही परिणाम होईल. हे खरं आहे, आणि निवडीच्या गप्पा मारताना ही बाजू लपवणं मला पटत नाही. किंमत असतेच, आणि ती बहुतेक वेळा आपल्या एकट्याला भरावी लागत नाही. "तू काय करणार आहेस ते आधी सांग," तोही म्हणाला. आत्याचाच प्रश्न. मी म्हटलं, उद्या सांगते.

सोमवार

सकाळी पूर्व भागातून एक चक्कर. अशोक चौकाच्या पुढे गल्ल्यागल्ल्यांतून मागांची खटखट, दारांवर तेलुगू पाट्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण आता टॉवेलच जास्त विणला जातो. दोन चादरी घेतल्या.

मग कुंभारी. विडी कामगार बायकांसाठी उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत इथं आहे, दहा हजार घरांची, 2006 मध्ये पूर्ण झालेली. कामगार नेते आडम मास्तरांच्या आणि या बायकांच्या कित्येक वर्षांच्या मोर्च्यांतून ती उभी राहिली. आत्याची एक विद्यार्थिनी तिथं राहते, आता पन्नाशीची. उंबऱ्याशी बसून मांडीवरच्या सुपात विड्या वळत होती: भिजवलेलं तेंदूचं पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, गुंडाळून टोक मुडपायचं, दोरा. हजार विड्यांवर मजुरी. बोलताना हात एकदाही थांबले नाहीत.

तिला मी निवडीबद्दल काही विचारलं नसतं. जिला आठव्या वर्षी सूप दिलं गेलं तिला काय विचारायचं? तिनंच सांगितलं. "बाई, आमच्यात पोरीला विडी येती का, हे बघून सून करून घेतात. माझ्या सासूनं पण हात बघितले होते. मी पोरीला शिकवलीच नाही. सासू रोज भांडायची. दोन हात जास्त असले तर पाचशे विड्या जास्त. मी म्हटलं, माझ्या मी पाचशे जास्त वळते, तिच्या हातात सूप द्यायचं नाही."

मुलगी नर्सिंगला आहे, दुसऱ्या वर्षाला. घरात दोन खोल्या आहेत, एक तिच्या अभ्यासाची. "घर स्वतःचं झालं म्हणून जमलं," ती म्हणाली. "भाड्याच्या खोलीत असते तर नसतं जमलं. महिन्याच्या महिन्याला मालक दारात, तेव्हा कोण कुणाला शिकवतंय."

माझ्याकडे पगार आहे, घर आहे, रविवार आहे. हिच्याकडे नव्हतं तेव्हा हिनं एक गोष्ट हेरली, जी आपल्या हातात आहे ती, आणि तिच्यासाठी रोज पाचशे विड्या जास्त वळल्या, वर्षानुवर्षं. आत्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. सातवीपर्यंत नेलेल्यांपैकी ती एक.

तिथूनच, वसाहतीच्या रस्त्यावर उभं राहून, नवऱ्याला फोन केला. अर्ज भरणार नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात, त्यात नाव घालणार. आधी मोडी, मग जुनी नागरी आणि शिलालेखांचं वाचन, आणि दर महिन्याला एक रविवार जवळपासच्या गावात जाऊन दगड बघायचे. कर्ज ठरल्या मुदतीनंच फिटू दे; नवी गाडी घ्यायची नाही, ते पैसे कर्जाकडे. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गाडीचं मला चालेल. रविवारी मुलीला बरोबर ने. आणि पणजोबांचे कागद माळ्यावर आहेत, उधई लागायच्या आत काढतो." शाखेत फोन करून साहेबांना कळवलं. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांना फारसं पटलं नसावं. तरी त्यांनी नोंद करून घेतली.

घरी येऊन पिशवी भरली. शेंगाचटणीचा डबा, कडक भाकरीचा गठ्ठा, चादरी. निघायच्या आधी आत्याला म्हटलं, अक्षता सोहळा मी कधी बघितलाच नाही, पुढच्या आठवड्यात येऊ का? संमती कट्ट्यावर सिद्धरामांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" म्हणत हजारो लोक अक्षता टाकतात, हे फक्त ऐकून होते.

"ये की. पण आदल्या दिवशीच ये," ती म्हणाली. "अक्षतेच्या दिवशी नंदीध्वज निघाले की इकडं रिक्षा आत येत नाहीत, स्टेशनवरून चालत यावं लागतं. आणि पांढरे कपडे घेऊन ये, तुझ्यासाठी आणि पोरीसाठी."